पाणी घाली तो घरचा

भाचेबुवा, नोकरीत कायम झालास, चाकणची खोली सोडून आमच्या चिंचवडात राहायला आलास आणि आता सुट्टीच्या दिवशी नदीसाठी, टेकडीसाठी काहीतरी करायचं म्हणतोस. तुझ्या मामीने हे ऐकलं आणि लगेच शिऱ्याला रवा भाजायला घेतला. मलाही बरं वाटलं. पण या गावात हातात रोप धरून फोटो काढणारे मी पोत्याने पाहिलेत आणि त्याच रोपाला एप्रिलात पाणी घालणारे बोटांवर मोजण्याइतके. तू दुसऱ्या यादीत यावास म्हणून हे चार शब्द. चार म्हणतोय, पण मामाचे चार म्हणजे किती ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

१. सगळं शहर वाचवायला निघू नकोस, एक जागा धर. घाटाचा एखादा तुकडा, टेकडीचा एक उतार, नाहीतर सोसायटीमागची बाग — ओळखीच्या जागेत काय बिघडलंय ते चालता चालता दिसतं, अनोळखी जागेत ते कोणीतरी दाखवावं लागतं.

२. पहिल्या काही वेळा नुसता जा, हात मागे बांधून — बागेतला माळी, घाट झाडणाऱ्या मावशी, गळ टाकून बसलेला म्हातारा, बकऱ्या चारणारा पोरगा यांना त्या जागेचं सगळं माहीत असतं. त्यांना नावाने ओळखायला लागलास की मग फावडं उचल.

३. नवी संस्था काढू नकोस, आहे तिच्यात जा. वाल्हेकरवाडीच्या रोटरीवाल्यांची पवनेतली जलपर्णी काढायची मोहीम आहे, निगडीच्या सावरकर मंडळाच्या निसर्गमित्रांनी घोरावडेश्वराच्या डोंगरावर झाडं वाढवलीत, भोसरीकडे अविरत श्रमदानवाले आहेत — नव्या संस्थेत आधी लेटरहेड छापतात, मग अध्यक्षपदावरून रुसतात आणि घमेलं उचलायला कोणीच उरत नाही.

४. तुझी सुट्टी एमआयडीसीच्या रिवाजाप्रमाणे गुरुवारची आणि मोहिमा बहुतेक रविवारी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. लाजू नकोस — ‘येतो, येतो’ म्हणून न येणाऱ्यांची तिथे कमी नाही. गुरुवारी एकटा येऊन पाणी घालणारा मात्र सगळ्यांना हवा असतो.

५. रात्रपाळी करून थेट कोयता हातात घेऊ नकोस, आधी झोप काढ — टेकडी पळून जात नाही, बोट मात्र जातं.

आता नदीचं ऐक, कारण चिंचवडात राहून पवनामाईला टाळता येत नाही. महापालिका तिचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलते, निगडीला शुद्ध करते आणि आपल्या नळाला देते. त्याच पाण्याने आपण आंघोळी करतो, कपडे धुतो, आणि ते रावेतच्या खाली पुन्हा नदीत जातं. काही शुद्ध होऊन, काही तसंच. साबणातलं फॉस्फेट आणि मैल्यातलं नत्र हे जलपर्णीचं आयतं खत. पावसाचा जोर ओसरला, पाणी संथ झालं की ती हातपाय पसरते. हवा मानवली तर पंधरवड्यात दुप्पट होते. ऐन उन्हाळ्यात थेरगावच्या पुलावर उभा राहिलास तर खाली पाणी आहे हे सांगावं लागतं. वर जांभळी फुलं डोलत असतात. नवखे लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात, संध्याकाळी डास आले की त्यांचं मत बदलतं.

६. जलपर्णी पानाला धरून ओढू नकोस, खाली हात घालून गड्ड्याला धर — पानाचा फुगीर देठ मटकन मोडतो, तुझ्या हातात पान येतं आणि गड्डा पाण्यातच राहून आडवे धुमारे सोडतो. एक रोप बाहेर काढून निवांत बघ एकदा. देठ चिरला तर आत नुसते हवेचे कप्पे, म्हणून ते बुडत नाही. खाली काळी केसाळ मुळं, गाळाने जड झालेली. त्यांत गोगलगायी, डासांच्या अळ्या, गुटख्याची पुडी, कुणाच्या तरी पूजेचा लाल दोरा. एवढं बघितल्यावर नदीवरचं भाषण ऐकायची गरज राहत नाही.

७. काढलेला ढीग काठावर ठेवू नकोस, पुराचं पाणी जिथवर येतं त्याच्या वर नेऊन टाक. अंगातलं पाणी जिरलं की वजनही उतरतं — काठावरचा ढीग पहिल्या मोठ्या पावसात परत आत जातो. आम्ही घाटावर म्हणतो, ‘काठावर ठेवली ती नदीलाच दिली.’

८. काम वरून खाली करत यायचं, रावेतकडून दापोडीकडे — खालचा पट्टा आधी साफ केलास तर वरची जलपर्णी वाहत येऊन तो आठवड्यात भरते आणि तुझी माणसं रुसून घरी बसतात.

९. डिसेंबर-जानेवारीतला एक तास एप्रिलच्या चार तासांना भारी. फुलं येऊन बी पडायच्या आत काढ — तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षंही तग धरतं. इथे सोडलेली जलपर्णी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाऊन सोलापूरकरांच्या डोक्याला ताप होते, तो वेगळाच.

१०. गमबूट आणि जाड हातमोज्यांशिवाय पाण्यात उतरायचं नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घ्यायचं. पायाला साधं खरचटलं असलं तरी त्या दिवशी काठावर बसून पोती मोज — तळाशी काचा आणि सुया असतात, आणि उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेच्या दाराने आत शिरतो.

११. दवाखान्याचा कचरा किंवा रसायनाचा ड्रम दिसला तर हात लावू नकोस. फोटो, तारीख, वेळ, जवळची खूण एवढं घेऊन महापालिकेच्या ‘सारथी’ला कळव (८८८८००६६६६), आणि प्रदूषण नियंत्रण मंडळालाही लिही — उत्साहाने उचललास तर तुझा हातही जातो आणि पुरावाही.

१२. इंद्रायणीवर फेस आला की सगळे व्हिडिओ काढतात. तू वहीत लिही: किती वाजता, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी, वास कसला, मासे मेलेत का — आपल्या तोंडाला फेस आणून तक्रार पुढे सरकत नाही, तारीखवार नोंदींनी सरकते.

१३. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुटल्याची बातमी आली की घाटाचं काम बंद, म्हणजे बंद — मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पाणी शिरतं तिथे तुझी-माझी काय कथा! ‘भरल्या नदीला नमस्कार दुरून.’

१४. विसर्जनाच्या दिवशी घाटावर उभा राहिलास तर उपदेश करू नकोस. ‘दादा, निर्माल्य द्या इकडे, मी बघतो’ एवढंच म्हण, आणि पिशवी हातात आली की हार वेगळा, प्लास्टिक वेगळं, थर्मोकोल वेगळं कर — माणूस देवाला निरोप देत असतो, त्या घटकेला कोणालाही शिकायचं नसतं. घरच्यांना मात्र गणपतीच्या महिनाभर आधी सांग: शाडूची मूर्ती घ्या. प्लास्टरची असेल तर बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून विरघळवता येते. ही पद्धत आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचीच.

१५. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीत पडतो. त्या दिवशी झाडू घेऊन मागून जाण्यापेक्षा मोकळी पोती घेऊन आधीच वाटेवर उभा राहा — पत्रावळ टाकायला पोतं समोर दिसलं तर वारकरी ती रस्त्यावर टाकत नाही, हे मी हमखास सांगतो.

नदीचं झालं. झाडांकडे वळू या. झाडं लावणं हे कामातलं सगळ्यात सोपं, म्हणूनच त्यात सगळ्यात जास्त गडबड होते.

१६. ५ जूनला पर्यावरण दिन असतो म्हणून त्याच दिवशी रोप लावायचा हट्ट धरू नकोस. खड्डे मे महिन्यात खणून तापू दे, आणि पाऊस लागून माती आतपर्यंत भिजली की जूनअखेर, जुलैत लाव — आपल्याकडे त्या तारखेला अजून नीट पाऊस नसतो. फोटो हवाच असेल तर ५ जूनला खड्ड्याचा काढ, तोही छान येतो.

१७. करंज, बहावा, कांचन, पळस, आपटा, हिवर, उंबर अशी इथलीच झाडं माग. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी कोणी फुकट दिली तरी हात जोड — ती भराभर वाढतात म्हणून वर्षानुवर्षं लावली गेली, पण आपल्या पाखरांचं, फुलपाखरांचं त्यांच्यावर फारसं भागत नाही.

१८. काळी पिशवी फाडून, काढून, खिशात घालूनच रोप मातीत ठेव — पिशवीसकट पुरलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरतात, आणि दोन वर्षांनी ते आडवं झालं की लोक वाऱ्याला दोष देतात.

१९. चाकण-तळेगावकडचा मोकळा माळ बघून ‘इथे जंगल करू’ म्हणू नकोस, आधी जाणत्याला विचार — तिथलं गवत हीच त्या जागेची श्रीमंती. चंडोल, धाविक, माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तिथे झाडं उभी केलीस तर त्यांच्या पिल्लांवर नजर ठेवणाऱ्या कावळ्याला बसायला माडी बांधून दिलीस.

२०. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावंच लागतं. आळं उताराच्या वरच्या अंगाला खोल कर, वर पालापाचोळ्याचा जाड थर दे आणि पाणी हळू सोड — भसकन ओतलेलं पाणी उतारावरून शेजारच्या काँग्रेस गवताला जातं. ‘रोप लावी तो पाहुणा, पाणी घाली तो घरचा’ हे वाक्य माझं आहे, पण तू वापर.

२१. झाडं जुलैत मोजू नकोस, पुढच्या मे महिन्यात मोज — लावलेल्यांचा आकडा बातमीत जातो, जगलेल्यांचा आपल्याला शहाणं करतो. शंभरातली चाळीस जगली असतील तर पुढच्या वर्षी चाळीसच लाव आणि सगळी जगव.

२२. बुंधा भरला की लोखंडी जाळी कापून काढ — ती सालीत रुतते, झाड तिला गिळत गिळत खंगतं, आणि वर देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र चकचकीत असते. ‘पाटी रंगली, साल भंगली.’

२३. झाडाला ठोकलेले खिळे काढायची मोहीम आपल्या शहरात तरुण पोरांनी चालवली आहे, तिच्यात जरूर जा. खिळा पकडीने सरळ ओढायचा, हलवून हलवून भोक मोठं करायचं नाही; सालीने पूर्ण गिळलेला खिळा तसाच राहू दे — तो काढायला गेलास तर खिळ्यापेक्षा मोठी जखम तू करशील.

२४. बागेतला पाचोळा जाळू देऊ नकोस; कोपऱ्यात खड्डा करून त्यात टाक, अधूनमधून पाणी शिंपड — खत होतं, धूर टळतो, माळीबुवांचा खोकलाही कमी होतो.

२५. टेकडीवर जाळरेषा काढायच्या त्या गवत वाळताच, थंडी संपायच्या आत. गवताचा पट्टा खरवडून माती उघडी करायची, आणि वनखात्याच्या माणसाला सोबत घेऊनच — जाळल्याने गवत चांगलं येतं असं सांगणारे भेटतील, पण वणव्यात तुझी तीन वर्षांची रोपं, सरडे, जमिनीवरच्या पाखरांची अंडी सगळं एका दुपारी जातं. आणि आग मोठी दिसली तर हिरो व्हायचं नाही. उताराच्या वरच्या बाजूला तर मुळीच थांबायचं नाही, कारण ती वर फार वेगाने चढते.

२६. देहूरोड, दिघीकडच्या बऱ्याच जमिनी लष्कराच्या आहेत आणि डोंगर वनखात्याचे. परवानगीचा कागद खिशात असल्याशिवाय कुदळ मारू नकोस, फोटोही काढू नकोस — चांगल्या कामासाठी चौकीत बसावं लागलं तर तुझ्या आईला फोन मला करावा लागेल.

मध्येच कंपनीचं सांगतो, कारण तुझे साहेब विचारणारच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. म्हणून दर पावसाळ्यात बस भरून माणसं टेकडीवर उतरतात. टी-शर्ट नवे, टोप्या नव्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या पेटीने. वाईट काही नाही त्यात, मनापासून येतात बिचारे. पण नवं मशीन बसवताना नारळ फोडणारे आणि रोज त्याला तेल घालणारे वेगळे असतात, हे शॉप फ्लोअरवरच्या माणसाला सांगायला नको. तेव्हा साहेबांना म्हण: रोपं निम्मी करा, टी-शर्ट नकोत, त्या पैशात दोन उन्हाळे पाण्याचा टँकर द्या आणि एक राखणदार ठेवा. पहिल्यांदा हसतील. दुसऱ्या वर्षी टेकडी वाळलेली दिसली की ऐकतील.

प्राण्या-पाखरांच्या बाबतीत तर माझा मंत्र एकच, ‘पाय मागे, फोन पुढे.’ बाकी तपशील असा:

२७. ढिगारा, पाचोळा, दगड उचलण्याआधी काठीने हलवायचा, हात नंतर — घोणस तिथेच पडून असते आणि पाचोळ्यात ती पाचोळ्याच्याच रंगाची दिसते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी ओळखायला शीक. धरायला शिकू नकोस, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही.

२८. कोणाला साप चावलाच तर दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, काही नाही. माणसाला हालचाल करू न देता सरळ वायसीएम रुग्णालय गाठ — औषध तिथे आहे, आणि वेळ हेच निम्मं औषध.

२९. जखमी प्राणी दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लाव. पक्षी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेव. दूध पाजू नकोस, चोचीत पाणी ओतू नकोस — पाणी श्वासनळीत जातं आणि प्रेमानेच तो मरतो. घरट्यातून पडलेलं धडधाकट पिल्लू उचलून परत घरट्यात ठेवलंस तरी चालतं. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, ही थाप आहे.

३०. संक्रांत झाली की लांब बांबूला आकडा बांधून झाडांवर लटकलेला मांजा उतरवत फिर — नायलॉन मांजावर बंदी आहे, पण लटकलेल्या मांजाला ते माहीत नसतं. घारी, घुबडं त्यात महिनोन्‌महिने अडकत राहतात. उंचावर पाखरू लटकलेलं दिसलं तर अग्निशमन दलाला बोलाव, स्वतः चढू नकोस.

३१. बिबट्याची बातमी आली तर ठिकाण ग्रुपवर टाकू नकोस. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता. काम थांबवलं, माणसं बाहेर काढली, आणि वनखात्याने माणिकडोहच्या बचाव पथकाला सोबत घेऊन काही तासांत त्याला बेशुद्ध करून सुखरूप नेलं — गर्दी नव्हती म्हणून जमलं. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर त्यांना मांडीवर घेऊन सेल्फी काढायचा नाही; वनखातं त्याच जागी ठेवतं, रात्री आई येऊन नेते.

३२. पाखरं मोजायला शीक. दुर्बीण नंतर घे, आधी वही घे. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात जाणत्यांच्या मागे मागे फिर — शेकाट्या कुठला, धोबी कुठला हे कळलं की त्याच घाटावर तुझं मन रमायला लागतं, आणि मन रमलं की माणूस आपोआप परत येतो.

आता सगळ्याच कामांना लागू पडणारं थोडं.

३३. कामाच्या शेवटी हत्यारं मोज, धू, पुसून जागेवर ठेव — गवतात विसरलेल्या खुरप्यावर पुढच्या वेळी कोणाचातरी पाय पडतो. शिवाय मागून आणलेलं फावडं वेळेवर परत दिलंस की पुढच्या वर्षी मागायला तोंड राहतं.

३४. घाटावर कोणी कचरा टाकताना दिसला तर त्याच्याशी भांडण नको, त्याच्यासमोर तो मुकाट्याने उचल — दहातले सहा ओशाळतात, दोन मदतीला येतात. उरलेल्या दोघांसाठी महापालिकेची दंडाची पावती आहे, तुझी जीभ नाही.

३५. दमलास तर महिनाभर सुट्टी घे, पण सांगून घे — न सांगता गायब झालेल्या माणसाच्या वाटणीची रोपं कोणीच घेत नाही, सगळ्यांना वाटतं तो आज येईल.

इतकं पुरे. मामी म्हणतेय पोराला घाबरवू नका. घाबरवत नाही रे. माणसं चांगलीच असतात, फक्त त्यांना नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही. येत्या गुरुवारी सकाळी साडेसहाला थेरगावच्या घाटावर ये. गमबूट माझ्याकडे जास्तीचे आहेत, नऊ नंबर. पायमोजे तुझे आण, आणि चहाचा थर्मास मामीकडून आठवणीने उचल.